ताईचं मशीन बिघडतं तेव्हा

शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात माझी निम्मी हयात गेली. आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. ते काम माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं.

ताई आमच्याच गल्लीत कपडे शिवते. तिला सांध्यांचा आजार आहे. बरा होणारा नाही, गोळ्यांनी आटोक्यात ठेवायचा, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. सकाळी तिची बोटं वळत नाहीत. कात्री धरायची म्हणजे जीव नकोसा होतो. दुपारी जरा सैल पडतात, मग ती मान खाली घालून शिवत बसते. घरात हे सगळ्यांना माहीत, पण त्यावर बोलायचं नाही हा तिचा कायदा. एकदा गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायला मी हात पुढे केला, तर म्हणाली, "मी काय लुळी पडलेय?" आणि दातांनी उघडलं. मी नाद सोडला.

तर झालं असं, की माझ्या दुकानात गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. कारण कळेना. शेवटी शेजारच्या पडदेवाल्यानं तोंड उघडलं. "अरे, बहिणीचं मशीन तुला धड करता येत नाही. सारखं बंद पडतं म्हणे. मग लोक तुझ्याकडे कशाला येतील?"

माझं टाळकंच सरकलं. त्या मशीनचं तेलपाणी मी स्वतः करतो. तसाच उठून ताईकडे गेलो, मशीन चालवून बघितलं. टाका एकसारखा पडत होता.

"लोकांना काय सांगत असतेस गं?"

ती कापडाची घडी घालत होती. "काम मागे पडलं की मशीन बिघडलंय म्हणते. मशीनसाठी लोक थांबतात रे. हात बिघडलाय म्हटलं की हळहळतात, आणि कापड उचलून दुसरीकडे जातात. शिवण गेली तर दिवसभर करू काय? नुसती दुखत बसू?"

एवढा राग घेऊन गेलो होतो, तो कुठे ठेवावा कळेना. तसाच परत आलो.

पुढच्याच आठवड्यात तिच्याकडे मशीनचा जुना पट्टा बदलत होतो, तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या. गणवेशांचं काम त्यांच्या हातात, आणि ताईचं मोठं काम तेवढंच. गणवेश तयार नव्हते. बाई माझ्याकडे वळल्या. "काय हो, कधी नीट करणार हे मशीन?"

मी ताईकडे बघितलं नाही. "जमत नाहीये मला," म्हटलं. कान तापले माझे.

"मग तसं सांगा ना. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू दे त्यांना."

ताईनं हातातलं कापड खाली ठेवलं. "त्याला सगळं जमतं. मशीनला काही झालेलं नाही. माझेच सांधे धरतात. सकाळी बोटं वळत नाहीत, म्हणून उशीर होतो."

बाईंनी गणवेशांच्या कापडाची पिशवी उचलली. ताईचा चेहरा पडला. बाईंनी पिशवीतून थोडं कापड वेगळं काढून टेबलावर ठेवलं आणि उरलेली पिशवी खाली ठेवली.

"हे लहान मुलांचे आधी द्या. बाकीचे सावकाश चालतील. एवढं आधी बोलायचं ना."

बाई गेल्या. ताईनं गोळ्यांची बाटली माझ्यापुढे सरकवली.

"उघड," म्हणाली. "घट्ट बसलंय मेलं."