मोजणीबाईचा हत्ती

कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं? चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. एक घर म्हणजे मागावरचा एक उभा धागा. भरलेलं घर असलं की धागा वर, रिकामं असलं की खाली. सवय इतकी हाडीमाशी भिनलेली, की दवाखान्यात नंबर लावून बसली तरी बाई फरशा मोजायची. नवरा म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी पायऱ्या मोजेल."

पण नक्षी मात्र कायम दुसऱ्याची. कुणाचे गुलाब, कुणाच्या वेली. हिनं फक्त कागदावर उतरवायच्या. शेवटी एक दिवस तिनं मालकिणीला गाठलंच. "माझी आत्या भिंतीवर हत्ती काढायची. तो मी शालीवर आणते."

मालकीण फटकळ. "आणशील गं! पण उतरवून काढण्यापलीकडे येतं का तुला काही? शनिवारी नमुना दाखव. जमला तर या मोसमाच्या सगळ्या शाली तुझ्या नक्षीच्या. नाही जमला तर मुकाट्यानं गुलाब, आणि परत हा विषय काढायचा नाही."

झालं! बाईच्या अंगात वारं शिरलं. आत्या तिच्याकडेच राहायची, ऐंशीची, पण जीभ विशीतली. तिच्याकडून हत्ती कागदावर काढून घेतला. त्याच्या पोटात रेघा, ठिपके, मासे, नुसता बाजार भरलेला. बाईनं विचार केला, मागाला एवढी भानगड कशाला? तिनं पोट साफ करून टाकलं, एकसलग पांढरं. अतिशहाणपणा नडतो तो असा.

बुधवारी नमुना मागावर चढला. कापडाची सुलट बाजू विणताना खाली असते, म्हणून विणकर काकांनी मागाखाली आरसा सरकवला. आरशात आधी पाय दिसले, मग पोट, मग सोंड! "आला, आला!" बाई ओरडली, तशी सूत भरणाऱ्या बायकाही हातातलं टाकून धावल्या. काकांनी कापड कापून हातात घेतलं आणि त्यांची अंगठी हत्तीच्या पोटात अडकली. लांबच्या लांब धागा सर्रकन बाहेर.

"बाई, हे काय? या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा धागा सुटाच! मधे कुठे बांधायचा असतो की नाही? नवखी असतीस तर गोष्ट वेगळी."

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या गुलाबांत ती बांधणी आयती यायची, हिनं ती तीस वर्षं डोळे मिटून उतरवली होती. म्हणजे मालकीण म्हणाली ते खरंच की काय?

घरी आल्यावर तिनं ते कापड आत्यापुढे टाकलं. आत्यानं नाक मुरडलं. "अगं, याला उपाशी का ठेवलंस?"

"आत्या, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? भिंतीवर एवढा मोठा पांढरा थर दिला तर वाळल्यावर पोपडा धरून खाली येतो. म्हणून तर आम्ही पोटं भरायचो. ठिपका, रेघ, ठिपका, रेघ. जागा मोकळी सोडायचीच नाही."

बाई ताडकन उठली. "आत्या! अगं, तिथंच तर धागा बांधायचा! प्रत्येक ठिपक्याशी!"

"मग बांध की. माझ्या कानात कशाला ओरडतेस?"

पुढचे दोन दिवस बाई जमिनीवर नव्हतीच. जिथे ठिपका तिथे उभा धागा खाली, जिथे रेघ तिथे खाली. मासे बसले, बाजार भरला. पायातल्या पट्ट्या काही केल्या घरांत बसेनात, म्हणून पुढचा पाय दोन घरं सरकवला. त्या पायापायी चार कागद फाडले, पण गडी बसला, आणि शुक्रवारी रात्री काकांनी विणूनही दिला!

शनिवारी आत्या हट्टानं कारखान्यात आली. मालकिणीनं नवा नमुना टेबलावर पसरला, खड्याची अंगठी पोटावरून आडवी ओढली, उभी ओढली, मग मुद्दाम रगडून ओढली. एक धागा हलेल तर शपथ!

"आत्या, बघा हो," मालकीण म्हणाली. "तुमचाच उतरवलाय ना हिनं?"

आत्यानं कापड डोळ्यांशी नेलं. पोटावरून, पायावरून बोट फिरवलं. मग मान हलवली. "नाही बाई. हा माझा नाही."

बाई खाली बघून फरशा मोजायला लागली.

"माझा जन्मभर एका जागी उभा होता," आत्या म्हणाली. "याचा पाय बघा. हा निघालाय कुठेतरी. हा हिचा आहे."

मालकिणीनं एकदा हत्तीकडे बघितलं, एकदा बाईकडे. "काका," तिनं हाक मारली, "गुलाब उतरवा मागावरून."

बाईला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.