चौथं कडवं

बारात गाते म्हटलं का लोकायचं तोंड वाकडं होते. होऊ द्या. वाकडं तोंड करणाऱ्यायपैकी निम्मे मले समोरच्या टेबलावर दिसलेले हायेत, आन् मी दिसली का मेनू कार्डात डोस्कं खुपसतात. नाकानं कांदे सोलणारे मले नवे नाहीत. मी वणीच्या एका बिअर बारात आठ वर्सं गायली. जुनी हिंदी गाणी, लावण्या, श्रावणात कोणी म्हटलं तर एखांदं भजनही. त्याची मले आजही लाज नाही. लाज ज्याची हाये, ते सांगाले बसली हावो.

आमचा बार वरच्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. गाणं पाचलेच सुरू होये. खाणीतली पहिली पाळी चारले सुटे आन् माणसं आंघोळ करून, भांग पाडून थेट आमच्या पायऱ्या चढत. शिवाय नदीपलीकडच्या जिल्ह्यात तवा दारूबंदी होती, म्हणून तिकडचीही भल्ली गर्दी. शनिवारी तर खुर्ची भेटत नसे. वेटर फर्माइशीच्या चिठ्ठ्या आणून माह्या पायापाशी ठेवे. कोणी चिठ्ठीवर गाण्याचे दोनच शब्द लिही, कोणी नुसतं "कालचं" लिही, आन् मले समजे.

स्टेजवर आम्ही दोघंच, मी आन् कीबोर्डवाला. तो दिग्रसचा, माह्याहून चार-पाच वर्सानं मोठा. मी त्याले दादा म्हणो, तो मले ताई. पहिल्याच आठवड्यात त्यानं मले बाजूले घेऊन सांगितलं, "ताई, कोण म्हणते तुले काळी पाचच्या उंच पट्टीत गायले? घसा फाटून जाईन. काळी चार घे आन् निवांत गा." तवापासून गाणं माह्या घशात बसलं, हे मी कोणासमोरही कबूल करीन. एकदा एक गिऱ्हाईक झोकांड्या खात स्टेजवर चढला आन् माइकासंगं माहा हातच धरून राह्यला. दादानं कीबोर्ड सोडला, त्या माणसाले खांद्याले धरून खाली नेऊन बसवलं, आन् परत येऊन जिथून सोडलं तिथूनच गाणं उचललं. भाऊबीजेले तो दर वर्सी माह्या घरी येये. पाटावर बसे, मी ओवाळो. माहा नवरा कोळशाच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो म्हणे, तुहा दादा तिथी हाये म्हणून मी बिनघोर गाडी चालवतो.

कीबोर्डाच्या डाव्या अंगाले दादाचा मोबाइल कायम उभा राहे, शब्द पाह्याले. ते मले इतकं सवयीचं झालतं का मी त्याच्याकडे पाह्यतही नव्हती.

आता मायचं सांगते. माही माय दीड तासावरच्या खेड्यात राहे. चार एकर वावर, कापूस आन् तूर. शाळेचं तोंड तिनं पाह्यलं नाही, पण गाणं जोडाले बसली का भल्याभल्यायले आयकत नसे. कापूस वेचताना, कमरेच्या ओटीत कापूस टाकता टाकता, तिनं एक गाणं जोडलतं:

ओटी माही भरू भरू, बोटं माही चिरू चिरू,
वावर एवढं पांढरं बाई, कुठून कुठून धरू धरू?

हे ती लय हळू म्हणे. एका बोंडावरून दुसऱ्या बोंडावर हात जायले जेवढा वेळ लागते, तेवढा ती प्रत्येक शब्दाले देये. आपलं वावर आटोपलं का ती दुसऱ्याच्या वावरातही वेचाले जाये, पण हे गाणं ती आपल्याच वावरात म्हणे. चार कडवी होती. दुसरं उन्हाचं, तिसरं वावराच्या कडेच्या धुऱ्यावर ठेवलेल्या पाण्याच्या गडव्याचं. चौथं माह्यावर होतं.

एकदा माय डोळे दाखवाले वणीले आली. दवाखान्यातून निघाल्यावर म्हणे, "तू गाते तिथी ने मले." गावात मी हॉटेलात गाते एवढंच सांगून ठेवलतं. पण मायले नाही कसं म्हणू? नेली. दुपारचे तीन वाजले असतीन. खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या, फरशी पुसणं चालू, वास तर जाता जात नाही. माय एका खुर्चीवर टेकली. पदर नाकाले लावला नाही तिनं. दादा साउंड तपासाले लवकर आलता. तो तिच्या पाया पडला आन् खालून चहा घेऊन आला. माय त्याले म्हणे, "तू माह्या पोरासारखा, माह्या पोरीकडे ध्यान ठेवजो बाप्पा."

"माय, हे सांगाची गोष्ट हाये का?" दादा म्हणे.

चहा झाल्यावर मायनं मले जवळ ओढलं. "मले समजते वो पोरी, कशाची जागा हाये ते. तू गाय. गाण्यात पाप नाही. पण माह्यं गाणं इथी आणजो नोको."

"काहून वो माय?"

"कापसाचं हाये ते. इथी भिजून जाईन. ओल्या कापसाले कोण पुसते?"

मी तिच्या गळ्याले हात लावला आन् म्हटलं, "तुही आन माय, नाही आणणार." दादा तिथीच होता. स्टेजवर वायर गुंडाळून राह्यला होता.

पुढे नदीपलीकडची बंदी उठली. एका महिन्यात आमच्या खुर्च्या रिकाम्या. ज्याले घरापाशी भेटते, तो नदी ओलांडून कायले येईन? मालक माणूस वाईट नव्हता, पण धंदेवाला. आम्हा दोघायले बसवून म्हणे, "जुनी गाणी मोबाइलवर फुकट भेटतात. मले असं पायजे जे दुसऱ्या कोण्या बारात नाही. आपल्या मातीतलं काही आणा, नाही तर गाणंच बंद करतो." दादानं मान हलवली. मीही हलवली. मायचं गाणं माह्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं, आन् मी ते तिथल्या तिथीच दाबलं.

त्याच हिवाळ्यात माय गेली. वावरातून आली, पाणी प्याली, आडवी झाली, बस. तेरवी आटोपून मी वणीले परतली आन् दुसऱ्या दिवशी कामावर गेली. घरी भिंती खायले उठत. दुपारचीच गेली. दादा एकटा होता. त्यानं मले पाह्यलं, खुर्ची देल्ली, आन् म्हणे, "ताई, तू रडली नाहीस अजून. तुह्या तोंडावरून दिसते. मायचं ते गाणं म्हण. आपण दोघंच हावो, दार लावून घेतो."

बार बंद होता, गिऱ्हाईक नव्हतं, माइक नव्हता. मी म्हटलं, हे काही बारात आणणं होत नाही. हा तर मायच्या पाया पडलेला माणूस. मी डोळे मिटून म्हटलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. दादा अगदी हळू कीबोर्डावर सूर धरून राह्यला होता, माह्या मागं मागं. चौथं कडवं काही निघालं नाही. मी जे रडली, ते अर्धा तास. त्यानं पाण्याचा ग्लास हातात देल्ला, डोक्शावरून हात फिरवला. म्हणे, "राहू दे ताई. उरलेलं मंग म्हणजो." मले वाटलं, सख्खा भाऊ असता तर यापेक्षा काय करता?

मोबाइल तिथीच उभा होता. डाव्या अंगाले.

वर्स गेलं. मालकानं शनिवारसाठी एक नवीन पोट्टी ठेवली, गोड आवाजाची, विशीतली. मले शनिवारची सुट्टी देल्ली. मले वाटलं, वय होऊन राह्यलं आपलं, बरं झालं. दादा म्हणे, "तू आराम कर ताई. शनिवार मी सांभाळतो." मी त्याचे आभार मानले. मानले, अक्षरशः तोंडानं मानले.

मायचं वर्षश्राद्ध शनिवारी आलं. गावाले सकाळीच आटोपलं. मी उडदाचे वडे आन् खीर डब्यात भरली. दादासाठी. मायनं त्याले पोरगा म्हटलतं, तर त्याच्या मुखी दोन घास गेले पायजेत, एवढाच माहा हिशोब. दुपारची एसटी धरली आन् बस स्टँडावरून सरळ बारात. पाच वाजून गेलते. खाली मोटरसायकली पाहून मीच चकित झाली. इतकी गर्दी बंदी उठल्यापासून पाह्यली नव्हती.

अर्ध्या पायऱ्या चढली आन् पाय तिथीच थांबले.

ओटी माही भरू भरू.

गाण्याखाली धडधड ताल टाकलेला, वरात चालल्यासारखा. "भरू भरू" आलं का सारा बार ग्लास वर करून ओरडे, "भरू भरू!" टेबलं बडवून राह्यले होते. मी दारात जाऊन उभी राह्यली. ते पोट्टी कमर हलवून, हासत हासत म्हणून राह्यली होती, बोटं माही चिरू चिरू. हासत! माह्या मायच्या बोटाच्या भेगाईत मी लहानपणी मेण भरून देल्लं हाये. दिवाळीच्या दिवशी तिले साडीची निरी धरता येत नव्हती, इतकी बोटं फाटलेली असत. आन् हे बाई हासून राह्यली होती.

दादानं मले पाह्यलं. त्याची बोटं जरासक थांबली आन् परत चालू झाली. तेवढ्यात मले सारं समजलं. दार लावून घेतो, आपण दोघंच हावो, उरलेलं मंग म्हणजो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी आजवर ते नुसतं आयकून होती.

खरं म्हणजे मी तिथूनच परत फिराले पायजे होतं. दुसरी कोणी असती तर फिरली असती, नाही तर डबा त्याच्या तोंडावर फेकून गेली असती. पण मी गाणारी. तिसरं कडवं झालं आन् ते पोट्टी परत पहिल्यावर आली. चौथं तिले माहीतच नव्हतं. "कुठून कुठून" म्हणताना मधातच श्वास घेतला तिनं, शब्द तोडला. अवं, असं नाही म्हणत ते! राग दादावर होता, पण सहन झाला नाही तो तुटलेला शब्द. गाणाऱ्याले सारं चालते, डोळ्यांसमोर गाणं बिघडलेलं चालत नाही. हे दुखणं दुसऱ्या कोणाले समजणार नाही.

मी डबा टेबलावर ठेवला, स्टेजवर चढली आन् तिच्या हातातून माइक घेतला. पोट्टी घाबरून बाजूले झाली. मी दादाकडे न पाह्यता म्हटलं, "ताल बंद कर. काळी चार."

त्यानं ताल बंद केला.

आन् मी म्हटलं. मायसारखं, हळू. पहिल्या कडव्याले दोन-चार जणांनी ग्लास उचलले, मंग हळूच खाली ठेवले. दुसऱ्याले टेबलं बडवणं थांबलं. तिसऱ्याले वेटर भिंतीले टेकून उभे राह्यले. वर्सभर जे घशात अडकलतं, ते त्या दिवशी अडकलं नाही:

दिस गेला उतरू उतरू, पाय घराले फिरू फिरू,
उपाशी लेक निजली बाई, सांग आता काय करू?

मंग जे टाळ्या पडल्या! एक म्हातारा खाणकामगार उभा राहून डोळे पुसून राह्यला होता. कोणी ओरडलं, "पुन्हा एकदा!" आन् खोटं कायले बोलू, मले लय बरं वाटलं. माय असती तर, असंही मनात आलं. आठ वर्सात असं गाणं माह्या गळ्यातून निघालं नव्हतं.

मी मागं वळून पाह्यलं. दादाचा हात मोबाइलवर होता. त्यानं बोटानं काही दाबलं, मोबाइल खिशात टाकला आन् माह्याकडे पाहून अगदी प्रेमानं म्हणे, भाऊबीजेच्या पाटावर बसून बोले तसाच, "बरं झालं आलीस ताई. तेवढं चौथं कडवं माह्यापाशी नव्हतं."

मी तो बार सोडला. भाऊबीज बंद झाली. वड्याच्या डब्याचं काय झालं, मले माहीत नाही. गाणं अजून चालू हाये म्हणतात, दर शनिवारी, चारही कडवी. नवरा म्हणते, चोर हाये तो, नाव काढू नोको त्याचं. मी मान हलवून हाव म्हणते. चोर हायेच तो. त्यानं तीन कडवी चोरून नेली. चौथं मी माह्या पायानं चालत जाऊन, पायऱ्या चढून, माइकावर देऊन आली. आन् मायनं वचन त्याच्यापासून घेतलं नव्हतं. माह्यापासून घेतलतं.