आईचं ‘तुम्ही’

एसटी सुटायच्या आधी आईने खिडकीतून हात घालून माझी हनुवटी वर केली. “मान वर करून ऱ्हायचं, सगुणे. तू देवाचं परतिरूप हायेस. कुनाच्या बापाचं खात न्हाईस.” स्टँडभर ऐकू गेलं. मी लाजेने चूर. शेजारी कोंबडी मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा मला निरखायला लागला, देव नेमका कुठे दिसतोय म्हणून.

मार्था, तू धाकटी, तेव्हा आईच्या पदराआड होतीस. तुला हे आठवणार नाही, म्हणून तुझ्यासाठी लिहिते आहे. आणि आपल्या नगरकडून पुण्याला येऊन नर्स, मास्तर, क्लार्क झालेल्या सगळ्यांसाठी. त्यांच्यातही एखादी माझ्यासारखी असेलच.

आपल्या घरात देवाचं एकच रूप होतं, चर्चच्या मंडळीने वाटलेल्या कॅलेंडरवरचं. गोरापान येशू, निळे डोळे, केस जणू आताच शिकेकाईने न्हालेले. मग त्याचं प्रतिरूप म्हणजे काय? जो त्या चित्राच्या जितका जवळ, तितका तो देवाचा. अठरा वर्षांच्या सगुणाचं धर्मशास्त्र हे असं होतं. तिने आरशात पाहिलं आणि ठरवलं की आपल्यावर देवाचं बरंच काम बाकी आहे, त्याला थोडी मदत करू.

तर पुण्यात नर्सिंगच्या होस्टेलवर येताच मी पहिली खरेदी केली ती तोंड गोरं करायच्या स्नोची बाटली. दुसरं, नाव बदललं. सगुणाची स्टेला झाले. माझी रूम पार्टनर शशिकला शुक्रवार पेठेतली, म्हणजे जिभेला धार मोफत. पहिल्याच आठवड्यात मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, “चेहरा पुण्याला आला वाटतं, मान गावीच राहिली?” तेव्हापासून मी मानेलाही स्नो चोपडायला लागले. बोलताना हाय-न्हायचं आहे-नाही केलं. वडील हेडमास्तर होते अशी थाप मारली. बिचारे जन्मभर दुसऱ्याच्या विहिरी खणून गेले. मंडईत भाजीवाल्या बाईला ‘ए’ म्हणून हाक मारली आणि त्या दिवशी फार मोठी झाल्यासारखं वाटलं. मूर्खपणालाही स्टायपेंड असता तर माझं घर सुखात चाललं असतं.

मग एका रविवारी आई आली. न कळवता. नऊवारी, भेगाळलेले पाय, कपाळावर लग्नाआधीचं गोंदण, हातात फडक्यात बांधलेला डबा. मी जिन्यात होते, शशिकला मागे.

“स्टेला, कोण गं या?”

मी म्हणाले, “आमच्याकडे कामाला असतात.”

एवढंच. त्यासाठी कुणी मला धमकावलं नव्हतं, छळलं नव्हतं. एका मुलीने सहज विचारलं होतं.

आईने ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पदर कपाळावर, गोंदण झाकेपर्यंत ओढला. “व्हय बाई,” ती शशिकलाला म्हणाली, “मोठ्या बाईंनी डबा धाडलाय.” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही येळेवर जेवत जावा.” डबा पायरीवर ठेवला आणि गेली. मी खालच्या दारापर्यंतसुद्धा गेले नाही. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी होती. शशिकला बोटं चाटत म्हणाली, “तुमच्या मोलकरणीच्या हाताला चव आहे हं.” मी हसले. ते हसणं माझ्या तोंडात अजून आहे.

नाताळात घरी आले तेव्हा वाटलं होतं, आई चार शिव्या घालेल, मी रडेन, मिटेल. ती दारात म्हणाली, “या. थकला असाल. पाय धुवा.”

“आई, पुरे आता चेष्टा.”

“चेष्टा कशाची? तुम्ही शिकलेल्या.”

मी माफी मागितली नाही. ती आधी ‘तू’ म्हणेल, मग मी मागेन, असं ठरवून बसले. पुढच्या भेटीत, लग्नात, बाळंतपणात, प्रत्येक वेळी वाट पाहिली. तिने माझी पोरं न्हाऊ-माखू घातली, माझ्या डोक्याला तेल चोळलं, आणि प्रत्येक वेळी ‘तुम्ही’च म्हणाली.

लोक म्हणतील, मुलीला मान दिला. पण आपल्या आईचं ‘तुम्ही’ काय होतं ते तुला ठाऊक आहे. गावातली शेंबडी पोरंसुद्धा तिला ‘ए’ म्हणायची. चर्चमध्ये उपासनेला पहिल्यांदा गेली तेव्हा ती चपलांपाशी बसली, आणि पाळक म्हणाले, “बाई, तुम्ही पुढे या.” ही गोष्ट ती दर वर्षी सांगायची. “त्या दिशी मला कळलं, मी मानूस हाय.” देवाने तिला दिलेला तो एक शब्द. तोच तिने मला दिला. की तो देऊन माझं ‘तू’ काढून घेतलं? पन्नास वर्षं मी हा एकच प्रश्न उलटसुलट करते आहे.

गंमत बघ, चर्चमध्ये रविवारच्या शाळेत हाच धडा मी शिकवत आले. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा; रंग, कपडे, काम बघून कुणाची किंमत ठरत नाही. मुलं विचारायची, “टीचर, सगळेच? वॉचमन अंकल पण?” सगळेच, मी ठासून सांगायची. पाळकसाहेब कौतुक करायचे. तो धडा मला तोंडपाठ होता, अन् तो जिनाही.

नात म्हणते, “आजी, तू ओव्हरथिंक करतेस. शी वॉज प्राउड ऑफ यू.” तिच्या पिढीत दुखण्याला नाव दिलं की निम्मं बरं होतं. माझं तसं होत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात, दुपारी, तुला फोन केला. आई गेली तेव्हा तू जवळ होतीस. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं. “मार्था, शेवटी तिने माझं नाव काढलं होतं का गं?”

 तू म्हणालीस, “काढलं ना, अक्का. म्हनली, पुन्याच्या बाईंना कळवू नगा. त्यांना रजा मिळत न्हाय.” आणि लगेच, “काळजीनंच म्हनली गं.”

हो. काळजीनंच. जिन्यातलं ‘येळेवर जेवत जावा’सुद्धा काळजीनंच होतं.

कुणी विचारतं, तुमचं गाव कोणतं? मी नगरकडचं सांगते. पण तिथे आले की तुझी सून धावत खुर्ची आणते, आणि खुर्ची आपल्याकडे पाहुण्याला देतात. इकडे कर्वेनगरात मी स्टेला मॅडम. पाटीवर नाव आहे, लिफ्टमध्ये लोक वाट देतात. सगुणा मात्र कुठेच राहत नाही. तिचं घर एका बाईच्या तोंडात होतं, ते तिनेच बंद केलं, आणि कुलूप मी आणून दिलं होतं.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “क्षमा मागा, आजी. देवापाशी ती केव्हाच तयार आहे.” असेलही. मागावी म्हणून परवा सकाळी बसले. डोळे मिटले, हात जोडले. लहानपणापासून देवाला आपण अरे-तुरेच करत आलो. बापाला कोण अहो म्हणतं? पण तोंडातून निघालं, “हे बापा, तुम्ही...”

थांबले. चूक सुधारायची म्हणून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही जीभ ‘तू’कडे वळेना, तेव्हा मी डोळे उघडले आणि उठले.