आपले कोणते?

पनवेलच्या बाजारात वहाबचं फ्रेमचं दुकान आहे. गणपती असो, कुराणाची आयत असो, नाहीतर कुणाचे वारलेले आजोबा, काच तो सगळ्यांना सारख्याच निगुतीने बसवतो आणि गिऱ्हाइकाला नसत्या चौकशा करत नाही.

पण नेऱ्याच्या दिनानाथकाकांच्या चित्राने त्याला पार गोंधळात टाकलं. काका एकाहत्तरच्या लढाईत फौजेचा ट्रक चालवायचे. आता पंच्याहत्तरीत त्यांनी पेन्सिलीने ती लढाई काढली होती. वरून विमानं झेपावतायत, खाली रणगाडे पेटलेत. सगळं काळं-पांढरं, कुठे झेंडा नाही की खूण नाही. चित्र गावच्या शाळेला द्यायचं होतं आणि शाळेला खाली पितळी पट्टी हवी होती: आपले कोणते, शत्रूचे कोणते, स्पष्ट लिहा.

आता आली का पंचाईत! चित्र घेऊन आलेला काकांचा मुलगा हरेश म्हणाला, रणगाडे आपले. सोबत आलेली नात समृद्धी म्हणाली, छे, विमानं आपली. काकांना फोन करावा, तर वहाबची जीभ रेटेना. दुसऱ्या कुणी विचारलं तर हसण्यावारी जाईल. पण वहाबनेच विचारायचं, 'आपले कोणते?' उद्या गाव म्हणायला मोकळं, याला अजून कळलं नाही वाटतं! त्याला खरोखर भीती वाटली. हाताला चाळा म्हणून त्याने खोडरबर घेतलं आणि एका रणगाड्याखालचा काळा डाग घासून घासून साफ केला. पट्टीवर नुसतं कोरलं, 'विमाने आणि रणगाडे'.

दुसऱ्या दिवशी काका फ्रेम न्यायला आले. पट्टी वाचून म्हणाले, "आपलं कोनतं, ता लिवला नाय?"

वहाब म्हणाला, "काका, खरं सांगतो, मला कळलंच नाही."

"मना तरी कुठं कललं? धूरच धूर व्हता. विमानं कोनाची व्हती, आजून ठावं नाय."

वहाबच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतकं हायसं वाटलं.

"पन आपला येक मानूस व्हता," काका काचेवर बोट फिरवत म्हणाले. "या रणगाड्याखाली, पोटावर परलेला. मी."

बोट कोऱ्या कागदावर येऊन थांबलं.

"काका," वहाब कसाबसा म्हणाला, "डाग समजून मीच पुसला."

काकांनी त्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी फ्रेम त्याच्याकडे सरकवली.

"काच काड," ते म्हणाले. "पेन्सिल हाय ना तुज्याकरं?"