भाकरीशिवाय मटण

मंडळी, आज देवासला भाचीकडे जेवलो. मला डायबिटीस आहे, म्हणून पोळी बाजूला ठेवून नुसतं मटण खात होतो. भाची पुन्हा वाढायला आली. "मामा, शरमू नका, पूर्ण पतेलं भरलंय."

मी ताट पुढे केलं आणि बाबा आठवले. पन्नासच्या दशकात, आम्ही धारला असताना, त्यांनाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. भात-भाकरी बंद, मटण चालेल.

पण घरात मटण थोडं आणि खाणारे पुष्कळ. आम्ही रश्श्यात भाकरी कुस्करून पोट भरायचो. बाबा एकदोन फोडी खाऊन "झालं माझं" म्हणत उठायचे.

त्यांना मटण आवडत नाही, असंच आम्ही समजत होतो.

तुमच्याकडे असं लवकर कोण उठायचं?