जयवंताचा मालक

देवळीच्या जयवंताला कुणी भांडखोर म्हटलं असतं, तर खुद्द तिची सासूच त्याच्या अंगावर धावून गेली असती. सासूनं सुनेची बाजू घ्यावी, यातच बाईचा स्वभाव काय तो ओळखा! भाकरी थापताना गुणगुणायची, जिनात कापूस ओढताना गुणगुणायची. दोन वेळचं पोटभर मिळतं, नवरा कवडू दारूला शिवत नाही, आणखी काय पाहिजे, असा तिचा हिशेब.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. गावाबाहेरचा हा जिन एका विलायती कंपनीचा होता. कंपनीचं बिऱ्हाड सातासमुद्रापार. इथं तिचा एक मॅनेजर, आणि कामाला बाया पुरवणारा ठेकेदार रूपराव. बाया आत गेल्या की दाराला बाहेरून कुलूप. का, तर म्हणे बाया लेकरं पाजायला पळतात! जयवंताची दूधपिती पोर बाहेर लिंबाखाली झोळीत, म्हाताऱ्या तानाबाईच्या भरवशावर. पोर रडायची ते आत ऐकू यायचं, दुधानं लुगडं भिजायचं, आणि दार बंद. तेवढ्यापुरतं तिचं गुणगुणणं थांबायचं.

सत्तावन्न सालच्या हंगामात एक दिवस रुईनं पेट घेतला. धूर कोंडला, बाया दारावर आदळल्या. बाहेरच्या गाडीवानांनी खिडकीचे गज उपटले म्हणून वाचल्या. जीव कुणाचा गेला नाही, पण जयवंताच्या शेजारणीचे, कांताचे पाय भाजले. आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर दाराला पुन्हा तेच कुलूप! आता मात्र जयवंताचं डोकं फिरलं.

"कुलूप निघन तवाच मी आत येईन," म्हणून ती दारापुढे बसली. तिच्या मागोमाग बाकीच्याही बसल्या.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. मॅनेजर म्हणे, बाया ठेकेदाराच्या. ठेकेदार म्हणे, जिन कंपनीचा. कंपनीला विचारावं, तर तिला ना तोंड ना पाय. वर्ध्याहून मजूर संघटनेचे मधुकरराव आले. त्यांनी बायांना समजावलं, की जिनिव्हा नावाच्या गावी जगातले देश एकत्र बसतात आणि मजुरांसाठी नियम ठरवतात; आपल्या सरकारचाही कायदा आहे; कंपनी कुठलीही असो, तिला हात झटकता येत नाहीत.

"जिनिव्हा?" जयवंता म्हणाली. "म्हंजे तिथं बी जिनच असन. मंग त्यायले बरोबर समजत असन."

मधुकररावांनी हसून मान डोलावली. अशा समजुतीला कोण मोडता घालणार?

वर्ध्याला सरकारी साहेबांपुढे सुनावणी लागली. प्रश्न एकच होता: या बायांचा मालक कोण, कंपनी की ठेकेदार? ठेकेदार ठरला, तर कंपनी मोकळी आणि कुलूप जागच्या जागी. कंपनीनं थेट मुंबईहून वकील आणला होता. त्यानं जयवंताला विचारलं, "बाई, तुमचा मालक कोण?"

घ्या! आपल्याकडे बाईचा मालक म्हणजे तिचा घरधनी. भर कचेरीत नवऱ्याचं नाव घ्यायचं? जयवंतानं पदर तोंडाला लावला.

"नाव सांगा, लाजू नका."

ती अधिकच लाजली. मागे बाया खुदखुदल्या. वकील खूश होऊन साहेबांकडे वळला, "पाहा, हिला आपला मालक कोण हेसुद्धा ठाऊक नाही."

साहेब याच मुलखातले, आर्वीकडचे होते. त्यांनी कसंबसं हसू आवरलं. "बाई, घरचा नाई विचारत. जिनातला मालक कोण?"

"असं व्हय!" जयवंताचा जीव भांड्यात पडला. "रूपराव त नुसती हाजरी घेते. किल्ली ज्याच्याजौळ, तो मालक. दाराची किल्ली मॅनेजरसायबाच्या कमरेले राह्यते. आता बी हाय, पाहा ना."

साऱ्यांच्या माना मॅनेजरकडे वळल्या. त्याचा हात कमरेकडे गेला, पण आता झाकून काय उपयोग? साहेबांनी किल्ली मेजावर ठेवायला लावली. निकाल आला तो असा: कुलूप कंपनीचं, म्हणून जबाबदारी कंपनीची, कामाच्या वेळी दार उघडं राहील, लेकुरवाळ्यांना पाजायला सुटी मिळेल, आणि कांताचं औषधपाणी कंपनी करील.

परतताना सोबत आलेल्या कवडूनं टोमणा मारलाच. "एवढं इचारलं त माहं नाव सांगायचं होतं ना."

"सांगतलं असतं, त ते कुलूप तुमच्याच गळ्यात पडलं असतं," जयवंता म्हणाली. कवडू घरापर्यंत हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी जिन सुरू झाला. भर कामात जयवंता उठली आणि उघड्या दारातून चालत लिंबाखाली आली. पोर झोळीत गाढ झोपली होती.

"रडली नाई ना वं," तानाबाई म्हणाली. "काऊन आली?"

"असीच," जयवंता म्हणाली, आणि झोळीजवळ फतकल मारून बसली.