खळीचं तिसरं कडवं

खळमावशीचा नवरा वारल्याची बातमी तिला छापील कागदावरून कळली, आणि तीही नवऱ्यानेच वाचून दाखवली. मावशीची अक्षरओळख सही करण्यापुरती. नवरा इस्पितळाच्या फाटकावर तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत बसलेला, त्यामुळे घरातलं वाचन त्याच्याकडे. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, कागद खिडकीकडे धरला आणि फाटकावरच्याच आवाजात वाचायला घेतलं.

"'या गीताची रचनाकार एक साधी कामकरी स्त्री होती. पतीच्या मृत्युशय्येपाशी गुडघे टेकून, त्याचा हात हाती धरून तिने हे शब्द देवाला म्हटले. उजाडता उजाडता पती प्रभूकडे गेला. गीत मागे राहिले.'"

"पुढे?" मावशीने विचारलं. ती फाटक्या उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती.

"पुढे काय असणार? मी गेलो की."

"ते कळलं. कडवी किती छापलीत ते सांगा."

नवऱ्याने बोट लावून मोजली. "तीन."

"मग काही उपयोग नाही," असं म्हणून तिने दोरा दाताने तोडला. नवरा गेल्याचं तिने मनाला लावून घेतलं नाही, कारण तो समोर बसून चहात पाव बुडवत होता. तिच्या मनाला लागलं ते दुसरंच. गाणं चार कडव्यांचं, आणि त्यातलं तिसरं कडवं याही खेपेला गाळलं होतं.

चर्चच्या मंडळीचं नवं गीतपुस्तक निघायचं होतं. हे गाणं कुणी रचलं, कसं सुचलं, ते प्रत्येक गाण्याखाली चार ओळींत द्यायचं असं ठरलं होतं. छापखान्यातून आलेला कच्चा कागद रचणाऱ्याला दाखवून घ्यायचा, म्हणजे चूकभूल निघेल. रचणारे सगळे कधीच मातीआड झालेले. जिवंत अशी एकटी खळमावशी, म्हणून कागद तिच्या एकटीकडेच आला.

आता ही गाणं रचायला कशी लागली, तर त्याचं असं झालं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात लागली तेव्हा तिला दिलं खळीचं काम. डॉक्टरांचे कोट, नर्सच्या टोप्या, ऑपरेशनच्या खोलीतले पडदे, सगळ्याला खळ. कमरेएवढा हंडा, त्याच्याखाली शेगडी आणि हातात वल्ह्याएवढा लाकडी दांडा. खळ म्हणजे रुसकं पोर. लवकर उतरवली तर कच्ची राहते, इस्त्रीखाली तिचे पांढरे पापुद्रे निघतात आणि कोट खरजेल्या कुत्र्यासारखा दिसतो. उशीर केला तर तळाला धरते. बरोबर वेळेला उतरवायची म्हणाल तर वेळ कळणार कशी? भिंतीवरच्या घड्याळात वाफ शिरून ते मावशीच्या आधीच्या बाईच्या वेळेलाच बंद पडलेलं. पहिले दोन आठवडे मावशीने रोज बोलणी खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात तिने गाणं केलं.

देवाचं केलं, कारण दिवसभर तोंडात ठेवायचं तर दुसरं कुणाचं करणार? पहिल्या कडव्याला थंड पाण्यात कालवलेलं पीठ हंड्यात सोडायचं. दुसऱ्याला दांडा सावकाश फिरवायचा. तिसऱ्याला गुठळ्या काठाशी दाबून फोडायच्या. चौथं संपता संपता खळीचा पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागते, की उतरवायची. प्रत्येक कडव्यामागून ध्रुपद:

अजून थोडा वेळ, देवा, अजून थोडा वेळ
हात तुझा काढू नको, अजून थोडा वेळ.

यात हात कुणाचा आणि खळ कोण, हे मावशीने कधी बोलून दाखवलं नाही. विचारलंही नाही कुणी.

पुढे एका नर्सने ते जाता-येता ऐकलं आणि वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याच्या उशाशी म्हटलं. म्हातारा त्याच दिवशी गेला. नर्सने ते पाळकबाईंना शिकवलं. तिथून ते जुन्या गीतपुस्तकात गेलं, खाली 'अज्ञात' असं लिहून, आणि बघता बघता दफनाचं गाणं होऊन बसलं. ध्रुपद सुरू झालं की दगडासारखी माणसंही रुमाल काढत. फक्त त्या पुस्तकाने तिसरं कडवं खाऊन टाकलं. मावशीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाला गुठळ्या फोडायची काय गरज?

गरज पडली ती तिच्या सुनेला. मावशीचे गुडघे गेले तेव्हा दांडा सुनेच्या हातात आला. पण तोवर धुलाईघरातल्या बाकीच्या पोरी गाणं शिकून आलेल्या, त्या दर रविवारी पुस्तकातून. तीन कडवी झाली की चौघीजणी हंडा उतरवायला हात घालत. सून ओरडायची, "अगं, एक राहिलं," तर त्या म्हणत, "छापलंय तेवढंच म्हणायचं." मुकादमबाई त्यांच्याही वरताण. "देवाच्या गाण्यात मनाची कडवी घुसडायची नाहीत," तिने बजावलं होतं. खळ मात्र आठवड्यातून तीनदा फुकट जायची, आणि बोल यायचा दांडा धरणारीवर. पुन्हा एकदा असं झालं की सुनेची रवानगी मळक्या कपड्यांच्या खोलीत, असं ठरून गेलं होतं. त्या खोलीत जाणारी बाई तिथल्या वासाने दुपारचा डबा तसाच परत आणते.

म्हणून मावशी कागद घडी करून उठली आणि मास्तरांकडे गेली.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. पुस्तकाचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं, आणि जुन्या पुस्तकातला 'अज्ञात' कोण, तेही त्या नर्सला विचारून त्यांनीच शोधून काढलं होतं. खोलीत जिकडे तिकडे कागदांचे गठ्ठे, त्यावर वजन म्हणून वाट्या, दौत, एक बूटसुद्धा. मावशीसाठी त्यांनी खुर्चीवरचे तीन मृत गीतकार उचलून जमिनीवर ठेवले.

"वाचलंत?" मास्तर आशेने म्हणाले. "डोळ्यांत पाणी येतं की नाही?"

"ह्यांच्या नाही आलं," मावशी म्हणाली. "मास्तर, नवरा जिवंत आहे माझा."

मास्तर जरा खाकरले. "तुम्हीच सांगितलं होतंत, आजारी होते."

"तुम्ही विचारलंत, दुःखाचा प्रसंग सांगा. मी खळीचं सांगत होते तर वही मिटलीत. मग म्हटलं, एकदा ताप आला होता ह्यांना. तीन दिवसांत उठून फाटकावर गेले."

"हो, पण ते काही असं... मावशी, असं बघा. हे पुस्तक उघडून बघा. हा आंधळा झाल्यावर लिहितो. ह्या बाईची दोन मुलं पुरात गेली. हा तुरुंगात. आणि त्यांच्या रांगेत मी काय लिहू, डॉक्टरांच्या कोटाला खळ करताना सुचलं?"

"लिहू नका की. मी कुठे म्हणते खळीचं लिहा म्हणून?"

"ह्या गाण्यावर मी माझ्या आईला पोचवलंय," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

 मास्तरांची आई मावशीला आठवत होती. शेवटचे दोन महिने इस्पितळातच होती, आणि तिच्या चादरी मावशीच्याच हातून गेलेल्या.

"त्यांच्यासाठीच होतं असं समजा," ती म्हणाली. "मी नाही म्हणायची नाही. गोष्ट नको मला, आणि नावही नको. माझं तिसरं कडवं तेवढं घाला."

"कुठलं तिसरं?"

मावशीने म्हणून दाखवलं. तिला नुसतं बोलून ते येत नसे, हात फिरवावा लागे. तिचा उजवा हात मास्तरांच्या टेबलावर गोल फिरत राहिला.

मनात माझ्या गुठळ्या झाल्या, एकेक देवा फोड
काठाशी तू दाबून फोड, अर्ध्यात नको सोड.

मास्तरांचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला. "गुठळ्या? उपासनेत?"

"मग काय म्हणू? होतात त्या."

मास्तरांनी 'व्यथा' सुचवून पाहिलं, मग 'ग्रंथी'. मावशी म्हणाली, "व्यथा काठाशी दाबून फोडता येते का?" हा प्रश्न घेऊन दोघं पाळकांकडे गेले.

पाळक तरुण होते, अंगावर येणारं दुसऱ्याच्या अंगावर सोपवण्यात हुशार. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निरोप धाडला छापखान्यात. छापखानेवाला हात पुसत आला आणि पान बघून म्हणाला, "जागा नाही. पुढचं गाणं लगेच खाली आहे. गोष्ट ठेवा नाहीतर कडवं ठेवा. दोन्ही ठेवायचं तर पुढची सगळी पानं हलतील, आणि मी शनिवारी छापायला घेणार आहे."

"गोष्टीने माणूस गाण्याकडे ओढला जातो," मास्तर म्हणाले.

"तो ओढलेलाच असतो, मास्तर," मावशी म्हणाली. "घरात मयत झालेली असते त्याच्या."

पाळक हसू दाबून म्हणाले, "पण मावशी, विचार करा. गोष्ट गेली की तिच्यातला तुमचा उल्लेखही गेला. आज जे आहे ते खोटं आहे, ठीक. आपण दोन ओळी खऱ्या लिहू. नाव टाकू. तुमच्या नातवंडांना दाखवता येईल. नाहीतर पुन्हा 'अज्ञात'. नीट ठरवा, हे पुस्तक आता तीस-चाळीस वर्षं चालेल."

नाव छापून येणं म्हणजे काय, ते मावशीला कळत नव्हतं असं नाही. नवऱ्याने तीस वर्षं लोकांची नावं लिहिली, तिचं कुणी कधी लिहिलं नव्हतं. पगाराच्या यादीतही ती 'खळ, पहिली पाळी' अशीच होती. तिने पानावरच्या त्या चार ओळींवर बोट फिरवलं. मग बोट उचललं.

"नातवंडांना आई घरी हसत आलेली दाखवते," ती म्हणाली. "कडवं घाला."

"आणि गुठळ्या?" मास्तरांनी शेवटची काडी धरली.

पाळक म्हणाले, "गुठळ्या राहू द्या. मला तर आहेत. तुम्हाला नाहीत?"

 कागदावरच्या गोष्टीवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने काट मारली, पट्टी लावून सरळ मारली, आणि कडवं मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं. अक्षर चांगलं होतं त्यांचं, आणि मनही वाईट नव्हतं.

पुस्तक आलं. पहिल्या रविवारी तिसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवर जरा कुजबुज झाली, ऑर्गन वाजवणारा एक सूर चुकला. सोमवारी धुलाईघरात मुकादमबाईने पुस्तक उघडून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "आहे बाई. म्हणा." चौघींनी चारही कडवी म्हटली. सून संध्याकाळी घरी आली, पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाली, "आत्या, झाली हो खळ." डबा रिकामा होता.

पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या गावचे एक पाळक पाहुणे म्हणून उपदेशाला आले. भरदार आवाजाचा माणूस. उपदेशात त्यांनी सांगितलं की या गीताचा अज्ञात कवी हा एक खाणकामगार होता. खाण कोसळली, तो आत गाडला गेला. अंधारात त्याला देवाचा हात जाणवत होता, म्हणून तो म्हणतो, हात काढू नको. आणि गुठळ्या म्हणजे अंगावर कोसळलेली कोळशाची ढेकळं. ती फोड, असं तो तळमळून सांगतो. लोक डोळे पुसत होते. सुनेने मान फिरवून सासूकडे पाहिलं. मास्तर पहिल्या बाकावरून मागे वळून वळून बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मावशी तिसऱ्या बाकावर अगदी लक्ष देऊन ऐकत होती.

"आत्या, उठून सांगा ना," सून कानाशी म्हणाली.

"थांब गं. तो वर निघतो का ते ऐकू दे."

तो काही निघाला नाही. मावशीने पदराच्या टोकाने डोळ्याची कड टिपली आणि "बिचारा" म्हणाली. मग ऑर्गन सुरू झाला. सगळे उभे राहिले, आणि पुस्तकात होती तेवढी, चारही कडवी म्हणून मगच खाली बसले.